किस्सातेनमधलं दुपारचं जेवण: दारावरच्या पाटीपासून गल्ल्यापर्यंत

जपानला फिरायला किंवा नोकरीनिमित्त गेलेला मराठी माणूस रामेन आणि सुशीपर्यंत लवकर पोचतो. जुन्या कॉफीच्या दुकानासमोरून मात्र तो बहुतेक वेळा नुसता पुढे जातो. दाराची काच काळपट, बाहेरच्या कपाटात प्लास्टिकचे हुबेहूब पदार्थ मांडलेले, आत मखमली खुर्च्या आणि पिवळसर दिवे. मेन्यू हाताने लिहिलेला, आणि आतली सगळी माणसं एकमेकांना ओळखणारी वाटतात. या दुकानांना किस्सातेन म्हणतात. साधारण हजार ते चौदाशे येनमध्ये तिथे गरम जेवण, नीट केलेली कॉफी आणि निवांत बसायला खुर्ची मिळते.

आत जाण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं, की किस्सातेन बहुधा एकदोन माणसांवर चालतं. कॉफी करणारा मालक म्हणजे 'मास्टर', आणि शेगडीवर तोच किंवा घरचंच कोणी. जेवणाची वेळ ठरलेली का, पदार्थात बदल करायला का कचरतात, कार्ड का चालत नाही, कॉफी कधी हवी ते आधीच का विचारतात, या सगळ्याचं उत्तर त्या दोन माणसांच्या कामात आहे.

दुकान निवडताना

जुन्या पाट्यांवर 'जुनकिस्सा' असा शब्द दिसतो. 'जुन' म्हणजे शुद्ध. शोवा काळाच्या (१९२६ ते १९८९) सुरुवातीला 'काफे' नावाच्या जागी दारू आणि गिऱ्हाइकांसोबत बसणाऱ्या बायका असत. आपल्याकडे फक्त कॉफी मिळते हे सांगायला बाकीच्यांनी 'शुद्ध' हे बिरुद लावलं. परवान्यातही फरक होता. किस्सातेनच्या परवान्यावर फक्त दारूशिवायची पेयं आणि किरकोळ खाणं देता येई. स्वयंपाक करून वाढायचा तर उपाहारगृहाचा परवाना लागे. जून २०२१ पासून हा वेगळा परवाना राहिला नाही, पण सगळीच किस्सातेन जेवण देत नाहीत हे आजही खरं आहे.

म्हणून नाव ऐकून थेट जाऊ नये. टोकियोच्या गिन्झा भागातलं 'काफे द लांब्र' १९४८ पासूनचं, कॉफीसाठी नावाजलेलं, पण तिथे फक्त कॉफीच मिळते. तिथल्याच शिबुया भागातलं 'लायन' हे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकायचं किस्सातेन. तिथे बोलायचंच नसतं, मग जेवण दूरच. टोकियोत जेवणासाठी जिंबोचो हा जुन्या पुस्तकांचा भाग सोयीचा. तिथे १९५५ सालचं 'साबोरू' आहे आणि त्याला लागून 'साबोरू २'. पहिलं कॉफीचं, दुसरं जेवणाचं. पोट रिकामं असेल तर दुसऱ्याच्या रांगेत उभं राहायचं. क्योतोच्या 'स्मार्ट कॉफी'त खाली कॉफी आणि दुपारचं जेवण वरच्या मजल्यावर, अशी विभागणी आहे.

अनोळखी दुकानाची परीक्षा बाहेरूनच होते. कपाटात स्पॅगेटी, भात किंवा सँडविचची प्रतिकृती असेल तर जेवण मिळतं. दाराशी फळ्यावर खडूने काही लिहून शेजारी ११:३० ते १४:०० अशी वेळ असेल तर तो दुपारचा सेट, म्हणजे ठरलेलं जेवण आणि पेय. नुसते कप आणि केक मांडलेले असतील तर जेवून मग यावं.

वेळ

सेट साधारण अकरा किंवा साडेअकराला सुरू होतो आणि दोनला संपतो. बारा ते एक हा कचेऱ्यांच्या सुट्टीचा तास. त्या वेळी चारचौघांनी जाऊन निवांत बसायची अपेक्षा धरली तर आपलीही चिडचिड होते आणि दुकानाचीही. अकरा चाळीसला किंवा सव्वाएकला पोचावं. दीडनंतर रोजचा खास पदार्थ संपलेला असू शकतो, कारण तो मोजूनच केलेला असतो.

अकराच्या आत पोचलात तर हाती दुसरंच काही येईल. त्या वेळी 'मॉर्निंग' चालू असतं. नागोया शहर आणि आसपासच्या भागात कॉफीच्याच पैशात टोस्ट आणि उकडलेलं अंडं येतं. फार छान प्रकार आहे, पण तो नाश्ता आहे, जेवण नव्हे.

कचेऱ्यांच्या भागातली दुकानं रविवारी आणि सणाच्या दिवशी बरेचदा बंद असतात. वस्तीतली दुकानं आठवड्यातला एखादा वार पाळतात. नकाशाच्या अ‍ॅपवरच्या वेळा म्हाताऱ्या मास्टरच्या दुकानाबाबत नेहमी खऱ्या ठरत नाहीत. जवळपासचं दुसरं एक दुकान हेरून ठेवलेलं बरं.

दारावरची सिगारेटची पाटी आधी बघा

मुलं बरोबर असतील तर हे सर्वात महत्त्वाचं. एप्रिल २०२० पासून जपानमध्ये उपाहारगृहांत धूम्रपानाला बंदी आहे, पण जुन्या लहान दुकानांना सूट मिळाली: त्या तारखेआधीपासून चालू असलेलं, भांडवल ५ कोटी येनपर्यंत आणि गिऱ्हाइकांची जागा १०० चौरस मीटरपर्यंत. टोकियोत अट आणखी कडक आहे, पगारी नोकर नसलेल्या दुकानालाच ही सूट मिळते. पुष्कळ किस्सातेन नेमकी या मापात बसतात. अशा दुकानाला दारावर सिगारेटच्या चित्राची पाटी लावावी लागते, आणि जिथे धूम्रपान चालतं तिथे २० वर्षांखालच्या कोणालाही आत घेता येत नाही. आईबाप बरोबर असले, मूल कडेवर असलं, तरी नाही. दारातून परत पाठवलं तर तो परकेपणा समजू नये. मास्टर कायदा पाळतो आहे.

स्वतःला धुराचा त्रास असेल तर 'किन्एन देसु का?' (धूम्रपानबंदी आहे ना?) एवढं दारातच विचारावं. बसल्यावर, पाणी आल्यावर उठणं अवघड होतं.

आत गेल्यावर

दार उघडून दोन पावलं आत थांबायचं. 'नानमेइसामा देसु का?' म्हणजे किती जण. बोटं दाखवली तरी चालतं; दोघं असाल तर 'फुतारी देसु', तिघं असाल तर 'सान्निन देसु'. 'ओसुकिना सेकी ए दोझो' असं कानावर आलं तर हवं तिथे बसा. काउंटरवरच्या टोकाच्या खुर्च्या बहुधा रोजच्या गिऱ्हाइकांच्या असतात, त्यामुळे पहिल्या भेटीत टेबल घ्यावं. एकटे असाल तर गर्दीच्या तासाला चार खुर्च्यांचं टेबल अडवू नये. सहासात जणांचं टोळकं असेल तर दोन टेबलांवर बसायची तयारी ठेवूनच आत शिरावं.

पाणी आणि ओलं फडकं, म्हणजे ओशिबोरी, न मागता येतं. दोन्ही फुकट. ओशिबोरी हात पुसायला असते. घाम आला म्हणून मानेवरून फिरवू नये. पाणी पुन्हा हवं असेल तर 'सुमिमासेन, ओहिया ओनेगाइशिमासु'.

माणशी निदान एक ऑर्डर हा इथला अलिखित आणि कधी कधी भिंतीवर लिहिलेलाही नियम आहे. आपल्याकडे चौघांत दोन डिश मागवून वाटून खाण्यात काही गैर नाही, पण बारा खुर्च्यांच्या दुकानात प्रत्येक खुर्चीवर मास्टरचं भाडं अवलंबून असतं. ज्याला जेवायचं नाही त्याने पेय घ्यावं. एकमेकांचं चाखायचं असेल तर 'तोरिझारा' म्हणजे रिकामी बशी मागा, ती आनंदाने देतात.

काय मागवायचं

मेन्यू लांब दिसला तरी जेवणाचे पदार्थ आठदहाच असतात: नापोलितान, करी-भात, पिलाफ (पुलावासारखा भात), ओमुराइस (भातावर ऑम्लेट), डोरिया (भातावर पांढरा सॉस आणि चीज घालून भाजलेला), पिझ्झा टोस्ट, सँडविच. शिवाय 'हिगावारी', म्हणजे त्या दिवशीचं जेवण: भात, मिसो सूप आणि बहुधा मांसाचा एक पदार्थ. हिगावारीची तयारी आधीच झालेली असल्याने ते सर्वात लवकर येतं. घाई असेल तर तेच.

पहिल्यांदा जाणाऱ्याने मात्र नापोलितान घ्यावं. केचपमधली ही स्पॅगेटी इटलीत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर योकोहामाच्या हॉटेल न्यू ग्रँडमध्ये शेफ इरिए शिगेतादा यांनी ती बसवली, असं श्रेय त्यांना दिलं जातं. त्यांच्या मूळ पदार्थात टोमॅटोचा सॉस होता. केचप आला तो पुढे स्वस्त दुकानांत आणि घरांत.

ती कशी होते हे कळलं की तिची चव कळते. दुकानातली स्पॅगेटी जाड, बहुधा २.२ मिलिमीटरची. ती आदल्या दिवशी किंवा सकाळी चांगली मऊ उकडतात, निथळतात, तेलाचा हात लावून थंड ठेवून देतात. मुरलेली ती दोरी फुगते आणि तिला एक लवचीक जाडपणा येतो. इटालियन पद्धतीचा कणीदार चावा इथे कोणाला नकोच असतो. ऑर्डर आली की तव्यात कांदा, पातळ सालीची हिरवी ढोबळी मिरची, अळंबी आणि हॅम किंवा लहान सॉसेज परततात. मग मोकळ्या केलेल्या जागेत केचप ओततात. तो थेट तव्यावर तडतडू द्यायचा, कडेने गडद होईपर्यंत. पाणी उडतं, आंबटपणा मोडतो आणि साखर किंचित जळून खमंग वास सुटतो. यानंतर स्पॅगेटी. घरी करताना नापोलितान आंबट आणि चिकट होते ती बहुतेक वेळा केचप सगळ्यात शेवटी घातल्यामुळे. एका माणसाला १०० ग्रॅम कोरडी स्पॅगेटी आणि चार मोठे चमचे केचप हे माप घरी बरं पडतं.

बरोबर हिरव्या डब्यातलं बारीक कोरडं चीज आणि टॅबॅस्कोची बाटली येते. आधी दोन घास तसेच खा. मग अर्ध्या भागावर चीज, आणि शेवटी टॅबॅस्कोचे पाचसहा थेंब. पदार्थ गोडसर असल्याने हे तिखट फार जुळतं. नागोयात हीच स्पॅगेटी तापलेल्या लोखंडी ताटलीवर, खाली अंड्याचा थर घालून येते. तिथे कडेचं अंडं आधी खावं, नाहीतर ते कडक होतं. काटा गुंडाळताना केचप उडतो; पांढरा सदरा असेल तर 'कामी एपुरोन' (कागदी ॲप्रन) विचारून बघा. काही दुकानांत असतो.

सँडविच मागवताना प्रांत बघा. 'तामागो सँडो' टोकियोकडे उकडलेलं अंडं कुस्करून मेयोनेझमध्ये कालवलेलं, तर क्योतो-ओसाकाकडे बरेचदा जाडजूड गरम ऑम्लेट घातलेलं. टोस्टच्या जाडीतही फरक आहे. एका पावाचे चार काप केले तर प्रत्येक सुमारे ३ सेंटिमीटरचा होतो, सहा केले तर २ सेंटिमीटरचा. कान्साईत, म्हणजे क्योतो-ओसाकाच्या भागात, जाड काप जास्त लाडका. पिझ्झा टोस्ट सुरू केल्याचा मान टोकियोत युराकुचोचं 'बेनिशिका' हे किस्सातेन आपल्याकडे असल्याचं सांगतं, वर्ष १९६४.

शाकाहारी असाल तर

इथे सर्वात जास्त फसगत होते, आणि ती शब्दामुळे होते. 'निकु' म्हणजे मांस. 'निकु नको' म्हटलं की समोरच्याच्या मनात मांसाचा तुकडा येतो. हॅम, बेकन, सॉसेज, टूना येतातच असं नाही. म्हणून वस्तूचं नाव घेऊन सांगावं:

- 'हामु नुकी दे ओनेगाइशिमासु': हॅम न घालता द्या. हामुच्या जागी बेएकोन (बेकन), उइन्ना (सॉसेज), सारामी (सलामी) किंवा त्सुना (टूना) घाला.
- 'निकु मो साकाना मो ताबेमासेन': मांस आणि मासे दोन्ही खात नाही.
- 'तामागो वा दाइजोबु देसु': अंडं चालतं. चालत नसेल तर 'तामागो मो ताबेमासेन'.

कुठे हा बदल होऊ शकतो आणि कुठे नाही, हे आपणच ओळखायचं. नापोलितान आणि पिझ्झा टोस्ट ऑर्डरनंतर होतात, त्यामुळे हॅम वगळता येतं. तवा तोच असतो, हे ज्याने त्याने ठरवावं. करीतून काहीही वगळता येत नाही. ती मोठ्या भांड्यात आधीच शिजलेली असते, आणि मांसाचे तुकडे बाजूला काढले तरी करी दाट करणाऱ्या मसाल्याच्या वडीत ('रू') गाई-डुकराची चरबी आणि मांसाचा अर्क असतोच. पिलाफचा भात बहुधा मांसाच्या स्टॉकमध्ये होतो. मिसो सूपला माशाचा अर्क (दाशी) असतो. सॅलडवर टूना किंवा बेकनचा चुरा येऊ शकतो.

अंडं चालत असेल तर तामागो सँडो हा सर्वात सरळ मार्ग. अंडंही नको असेल तर चीज टोस्ट, बटर टोस्ट किंवा नागोयाचा 'ओगुरा टोस्ट' बघा. त्यावर लाल अझुकी कडधान्याचं गोड सारण असतं. पुरणपोळी आवडणाऱ्याला ते लगेच ओळखीचं वाटतं. भाज्यांच्या सँडविचमध्ये मेयोनेझ असतं आणि जपानी मेयोनेझमध्ये अंडं. पावातही क्वचित डुकराची चरबी असते. कडक पाळणाऱ्याने 'रादो' (लार्ड) आहे का ते विचारावं. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांना केचपमुळे नापोलितान चालणार नाही. ओसाकाकडचा मिक्स ज्यूस, म्हणजे दूध आणि फळं एकत्र घुसळलेलं, पोटालाही आधार देतो.

विनंती एकदाच, हसून, गर्दीच्या तासाबाहेर करावी. नाही म्हणाले तर लगेच दुसरं काही मागवा. एक तवा आणि दहा ऑर्डरी असताना वेगळा पदार्थ करणं खरोखर अशक्य असतं.

कॉफी कधी?

ऑर्डर घेताना हमखास विचारतात: 'ओनोमिमोनो वा शोकुगो दे योरोशिइ देसु का?' म्हणजे पेय जेवणानंतर आणू का. उत्तरं तीन: 'शोकुगो दे' (जेवणानंतर), 'इश्शो नि' (बरोबर), 'साकि नि' (आधी). नुसतं 'हाय' म्हटलं तर जेवणानंतर येईल, आणि तेच योग्य. केचपच्या तोंडाने कॉफी कडवट लागते.

आधी विचारण्याचं कारण कॉफी करण्यात आहे. सायफन असेल तर खालच्या काचेच्या गोळ्यातलं पाणी उकळून वाफेच्या दाबाने वर चढतं, वरच्या भांड्यात पूड मिसळून मास्टर बांबूच्या पळीने ढवळतो, मिनिटभर थांबतो आणि खालची ज्योत काढतो. गोळा थंड होताच आत पोकळी होते आणि कॉफी फडक्याच्या गाळणीतून खाली ओढली जाते. यात चारपाच मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ दुसऱ्या शेगडीकडे लक्ष देता येत नाही. तुमचा शेवटचा घास केव्हा होईल याचा अंदाज घेऊन तो सुरुवात करतो.

'ब्लेंड' म्हणजे दुकानाची स्वतःची कॉफी. पहिल्यांदा हीच घ्या. 'अमेरिकन' म्हणजे पातळ. 'विन्ना कोही' म्हणजे वर साय घोटून घातलेली, नाव 'उइन्ना'सारखं वाटलं तरी सॉसेजशी तिचा काही संबंध नाही. ओसाकातल्या जुन्या दुकानात थंड कॉफीला 'रेको' म्हणतात. तिच्याबरोबर येणारा गमसिरप म्हणजे साखरेचा पाक, कारण थंड कॉफीत साखर विरघळत नाही. क्योतोच्या 'इनोदा'त दूध-साखर घालूनच कॉफी द्यायची जुनी रीत आहे. काळी हवी असेल तर मागतानाच सांगावं. आपल्यासारखी उकळत्या दुधाची कॉफी कुठेही येणार नाही. लहान धातूच्या चंबूत थोडं क्रीम येतं, ते न ढवळता कडेने सोडून बघा.

मुलांसाठी किंवा गोड खाणाऱ्यासाठी क्रीम सोडा: हिरवागार मेलन सोडा, वर आइस्क्रीमचा गोळा आणि लाल चेरी. तो आला की मुलं आधी ढवळतात आणि अर्धा सोडा फेस होऊन टेबलावर येतो. आइस्क्रीमच्या खडबडीत कडांवर वायूचे बुडबुडे भराभर सुटतात, म्हणून असं होतं. लांब चमच्याने आधी आइस्क्रीमचे दोनतीन घास घ्यायचे, मग कडेने हळूच स्ट्रॉ सोडून दोन घोट. ग्लासात बोटभर जागा झाली की उरलेलं आइस्क्रीम बुडवा. बर्फाला चिकटून जिथे आइस्क्रीम गोठतं, तो कुरकुरीत पापुद्रा हा या पेयातला सर्वात चांगला भाग आहे.

बसणं, उठणं, पैसे देणं

फोनवर बोलायचं तर बाहेर जावं. लॅपटॉप उघडण्याआधी आजूबाजूला बघा. जेवणाच्या वेळात बहुतेक ठिकाणी तो नको असतो. फोटोसाठी 'शाशिन तोत्ते मो इइ देसु का?' विचारा. परवानगी मिळाली तरी ती तुमच्या ताटापुरती आणि भिंतींपुरती, बाकीच्या गिऱ्हाइकांची नव्हे. बाहेर रांग असेल तर कप रिकामा झाल्यावर उठावं. रांग नसेल तर कोणी उठवत नाही.

बिलाची चिठ्ठी, देनप्यो, ऑर्डरबरोबरच टेबलावर उलटी ठेवलेली असते. ती घेऊन दाराजवळच्या गल्ल्यावर जायचं. टेबलावर पैसे ठेवून निघालात तर मास्टर रस्त्यापर्यंत मागे येईल. टीप नसते. मेन्यूतल्या किमतीत कर धरलेला असतो. बसून खाण्यावर तो १० टक्के आहे. कार्ड चालेलच असं धरू नका, हजाराच्या दोनतीन नोटा खिशात असाव्यात. दहा हजारांची नोट छोट्या दुकानाला जड जाते. वेगवेगळे द्यायचे असतील तर 'बेत्सुबेत्सु दे'. पण मागे रांग असताना एकाने द्यावे आणि हिशेब बाहेर करावा. पैसे हातात न देता समोरच्या छोट्या तबकात ठेवायचे. निघताना 'गोचिसोसामा देशिता' (जेवणाबद्दल आभार) म्हणावं.

जपानमध्ये राहणाऱ्यांनी गल्ल्यावर 'कोही चिकेत्तो' आहे का विचारावं. दहा कपांच्या पैशात अकरा कॉफींची तिकिटं मिळतात आणि नागोयाकडच्या दुकानांत ती तुमच्या नावाने भिंतीवरच लावून ठेवतात.

काही गल्ल्यांवर दुकानाचं नाव छापलेल्या काडेपेट्या ठेवलेल्या असतात. एक विचारून घ्यावी, चित्रं सुंदर असतात. विमानाच्या चेक-इन बॅगेत मात्र काड्या नेता येत नाहीत, म्हणून हॉटेलवर गेल्यावर त्या काढून टाका आणि रिकामी पेटी पुस्तकाच्या पानांत न दाबता मोज्यात गुंडाळून ठेवा.